रोटाचा वाटा

सुरतेत खोली भाड्याने बघायला गेलात की घरमालक भाड्याचा आकडा सांगण्याआधी एक प्रश्न विचारतो, "तमे मूळ क्यांना?" उधन्यात, लिंबायतमध्ये, पांडेसऱ्यात, दिंडोलीत राहणाऱ्या आपल्या खानदेशी माणसाला हा प्रश्न इतका पाठ झालेला आहे की तो उत्तरही ठरलेलेच देतो. "नंदुरबार बाजू", "जळगाव बाजू", "धुळे बाजू". गावाचे नाव सांगून उपयोग नसतो, ते कोणाला माहीत नसते. 'बाजू' हाच सुरतेतल्या खानदेशी माणसाचा तालुका आणि जिल्हा. गंमत अशी की प्रश्न विचारणारा घरमालक स्वतः बरेचदा भावनगर किंवा अमरेलीकडून हिरे घासायला आलेल्या माणसाचा मुलगा असतो. पण तो आधी आला, त्यामुळे प्रश्न विचारण्याचा मान त्याचा.

माझा पुतण्या या प्रश्नाला कंटाळला आहे. त्याचे आजोबा लूमवर कामाला म्हणून सुरतेला गेले, वडील तिथेच वाढले आणि हा तर जन्मलाच तिथे. गुजराती तो आपल्यापेक्षा चांगले बोलतो, अहिराणी समजते, मराठी वाचताना अडखळतो. यंदा श्रावणात कानबाईसाठी मी दिंडोलीला चुलतभावाकडे, म्हणजे आमच्या नानांकडे गेलो होतो. तेव्हा त्याने मला गाठले. "काका, तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवता ना? मग नक्की सांगा, आपण मूळ कुठले?" मी काही सांगायला लागलो तेवढ्यात आरती सुरू झाली आणि उत्तर राहून गेले. ते उत्तर आज इथे लिहितो आहे. त्याच्याकडून कोणीतरी वाचून घेईल अशी आशा आहे.

उत्तराची सुरुवात तापीपासून करावी लागेल. मुलताईला उगम पावलेली ही नदी ७२४ किलोमीटर वाहून डुमसजवळ समुद्राला मिळते. आपण तिच्या मधल्या भागात राहतो, पुतण्या तिच्या मुखाशी. शहादा तालुक्यात तापीकाठी सावळदा नावाचे गाव आहे. बसमधून जाताना कोणी मान वळवून पाहणार नाही असे. पण पुरातत्त्वाच्या पुस्तकांत महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या शेतकरी वस्त्यांना या गावाचे नाव मिळाले आहे, 'सावळदा संस्कृती'. काळ साधारण इ.स.पू. २००० ते १८००. या लोकांनी आपल्या मडक्यांवर बाणांची टोके, मासे मारायचे भाले आणि प्राणी रंगवले. साक्री तालुक्यातल्या कवठे इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा जमिनीत खड्डा करून त्यावर छप्पर घातलेली त्यांची घरे सापडली.

मग प्रकाशे. दक्षिणकाशी म्हणून आपण तिथे दर्शनाला जातो, अस्थी विसर्जनाला जातो. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या तिथल्या टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९५५ साली केले. खालपासून वरपर्यंत चार थर निघाले. तळाला ताम्रपाषाण काळ, त्यावर लोखंडाचा काळ, त्यावर प्राचीन ऐतिहासिक आणि सर्वांत वर मध्ययुग. तळाच्या थरात माळव्याकडच्या धर्तीची खापरे आहेत आणि नंतर जोर्वे धर्तीची, म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या रेघांची, तोटी असलेली भांडी. जोर्वे हे गाव नगरकडे, संगमनेर तालुक्यात. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी प्रकाशाच्या चुलीवर उत्तरेकडचीही चाल होती आणि दक्षिणेकडचीही.

आणि सुरत? सुरतेजवळ तापीच्या मुखाकडच्या सपाट भागात मालवण आहे. आपले कोकणातले नव्हे, हे वेगळे. तिथे १९७० साली पुरातत्त्व सर्वेक्षण आणि केंब्रिज विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केले आणि उत्तर हडप्पा काळाची वस्ती उजेडात आणली. तसल्याच उत्तर हडप्पा काळाचा थर पार आत, प्रवरेकाठच्या दायमाबादलाही आहे आणि तो सावळदा थराच्या वर बसलेला आहे. धुळे जिल्ह्यात तापीच्या खोऱ्यातही त्या काळाची खापरे मिळाली आहेत. तात्पर्य, मुखाकडची माणसे आणि आतली माणसे यांचे येणे-जाणे सुरत-भुसावळ पॅसेंजर सुरू होण्याच्या बरेच आधीपासूनचे आहे. नानांच्या वडिलांनी लोखंडी रुळांवरून जो प्रवास केला, त्याच वाटेवर कोणी मडके डोक्यावर घेऊन चालले होते, एवढाच फरक.

इथे पुतण्या म्हणेल, ठीक आहे, मग आपण सावळद्याचे की मालवणचे की माळव्याचे? अडचण इथेच आहे. मडके बोलत नाही. ते बनवणारा कोणती भाषा बोलत होता, स्वतःला काय म्हणवत होता, हे खापरावर लिहिलेले नसते. एखाद्या गावात जोर्वे धर्तीची भांडी आली म्हणजे जोर्वेची माणसे आली, की नुसती भांडी आली, की एखादी सून माहेरची कला घेऊन आली? तिन्ही शक्य आहे. सुरतेच्या बाजारातली साडी आज प्रकाशाच्या यात्रेत विकली जाते, म्हणून ती नेसणारी बाई सुरतची होत नाही.

आता थोडे लांब जाऊ. 'प्राचीन जग' हा पेपर शिकवताना मुले रोमला येईपर्यंत झोपेला आलेली असतात, पण एक गोष्ट सांगितली की जागी होतात. इटली या नावाचा अर्थ. दक्षिण इटलीतल्या ऑस्कन भाषेत देशाचे नाव होते 'वितेलियु', आणि त्याचे नाते वासराच्या शब्दाशी जोडले जाते. लॅटिनमध्ये वासरू म्हणजे 'वितुलुस'. संस्कृतात 'वत्स'. त्याच 'वत्सरूप' शब्दावरून आपले 'वासरू'. इटली म्हणजे वासरांचा देश! आधी हे नाव बुटाच्या पंजाएवढ्या टोकाला होते, नंतर हळूहळू वर सरकत सगळ्या द्वीपकल्पाला लागले. गुरे राखणाऱ्या आभीरांच्या नावावरून आपल्या बोलीला अहिराणी म्हणतात. तिसऱ्या शतकातल्या आभीर राजा ईश्वरसेनाचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. मुलांना सांगतो, वासरांचा देश आणि गुराख्यांची बोली, फार लांबचे पाहुणे नाहीत हे.

शाळेच्या पुस्तकात इटली म्हटले की रोम, एवढेच असते. प्रत्यक्षात रोम हे लॅटिन लोकांच्या अनेक गावांपैकी एक, तेही तायबर नदीच्या उतारावरचे. पॅलाटाइन टेकडीवर १९४८ साली खडकात खोदलेली खांबांची भोके सापडली. ज्या टेकडीवर पुढे सम्राटांचे महाल उभे राहिले, तिथे सुरुवातीला कुडाच्या झोपड्या होत्या. लॅटिनांच्या आजूबाजूला फालिस्कन, सॅबाइन, उंब्रियन, व्होल्स्की, मार्सी, सॅम्नाइट असे कितीतरी लोक. त्यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी होत्या, पण जुळ्या नव्हत्या. लॅटिनमध्ये 'कोण' म्हणायचे तर 'क्विस', ऑस्कनमध्ये 'पिस'. आपल्याकडे मराठीत 'आहे' आणि अहिराणीत 'शे', तसे. ऑस्कन अक्षरे पॉम्पेईच्या भिंतींवर आजही वाचता येतात. उंब्रियन लोकांच्या पूजाविधीचे सात कांस्य पत्रे गुब्बियो गावी १४४४ साली मिळाले. म्हणजे या साऱ्या रोमच्या घशात जाण्याआधी जित्याजागत्या भाषा होत्या.

या लोकांनी आपले मूळ कसे सांगितले, ते ऐकण्यासारखे आहे. दुष्काळ किंवा संकट आले की सॅबाइन वगैरे लोक नवस बोलत, की येत्या वसंतात जे जन्माला येईल ते सगळे देवाचे. गुरांची पिल्ले बळी दिली जात. मुले मात्र वाढवली जात आणि वयात आली की त्यांना सीमेबाहेर पाठवले जाई, जा आणि नवे गाव वसवा. याला 'पवित्र वसंत' म्हणत. पुढे वाट दाखवायला एखादा प्राणी असे. सॅम्नाइटांना बैलाने नेले, पिसेंटांना सुतारपक्ष्याने, हिरपिनींना लांडग्याने. 'हिरपुस' म्हणजे त्यांच्या भाषेत लांडगाच. ही दंतकथा आहे हे खरे. पण कोरडवाहू तालुक्यातून बारावी झाल्याबरोबर सुरतेची गाडी पकडणारी पोरे मी दर जून महिन्यात बघतो, आणि मला ती दंतकथा वाटत नाही. फरक एवढाच की आपल्या पोरांपुढे बैल चालत नाही, आधी गेलेला मावसभाऊ चालतो.

रोमन लोक तर याच्याही पुढे गेले. त्यांच्या कथेत त्यांचा आद्य पुरुष एनियस हा ट्रॉयहून पळून आलेला निर्वासित. रोम्युलसने गाव वसवले ते कॅपिटोलाइन टेकडीवर आश्रयस्थान उघडून, की ज्याला कोणी ठेवून घेत नाही त्याने इथे यावे. बायका नव्हत्या तर सॅबाइनांच्या पळवून आणल्या. जगावर राज्य करणारे लोक आपली कुळकथा 'आम्ही बाहेरचे, पळून आलेले, उसन्या बायकांचे' अशी सांगत. आपल्याकडे एखाद्या कुळाने वंशावळ लिहायला घेतली की दोन पानांत ती सूर्यापर्यंत पोचते. असो.

रक्ताचे म्हणाल तर तेही आता तपासून झाले आहे. रोमच्या शेजारचे एट्रस्कन लोक अगदी वेगळी भाषा बोलत. ती लॅटिनच्या घराण्यातली नाही, संस्कृतच्याही नाही. हेरोडोटसने ते आशिया मायनरमधून आले असे लिहिले, हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसने तिथलेच म्हटले, आणि हा वाद दोन हजार वर्षे चालला. २०२१ साली मध्य व दक्षिण इटलीतल्या ८२ जुन्या सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एट्रस्कन आणि त्यांचे लॅटिन शेजारी जनुकांनी जवळपास सारखेच निघाले. रक्त सारखे, भाषा परकी! आपल्याकडचा २०१३ सालचा अभ्यासही असाच आहे. भारतातल्या जवळपास सगळ्या समाजांत, भिल्लांसकट, दोन मोठ्या जुन्या प्रवाहांचे मिश्रण आहे आणि ते साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाले, असे तो सांगतो. म्हणजे सावळद्याच्या आधीपासून सातवाहनांपर्यंतचा काळ. प्रकाशाचे टेकाड चढत होते तेव्हा त्यावरची माणसेही मिसळत होती. शुद्ध मूळ शोधायला निघालेल्याला हाताला मिश्रणच लागते.

मग लोक म्हणजे काय? भांडी नाहीत, भाषा नाही, रक्त नाही, तर लॅटिन माणूस लॅटिन कशाने होता? याचे उत्तर लॅटिनांनी स्वतः दिले आहे आणि ते मला फार आवडते. रोमच्या आग्नेयेला आल्बन डोंगर आहे, सुमारे ९५० मीटर उंच. वर्षातून एकदा सगळ्या लॅटिन गावांचे प्रतिनिधी तिथे जमत. ज्युपिटरला पांढरा बैल बळी दिला जाई आणि त्याच्या मांसाचे गावोगावी वाटे होत. ज्याला वाटा मिळतो तो लॅटिन. झाले! यादीत तीस गावे होती असे परंपरा सांगते. प्लिनी त्यांचे वर्णनच 'आल्बन डोंगरावर मांस घेणारे लोक' असे करतो.

हा वाटा किती गंभीरपणे घेत, ते पाहा. इ.स.पू. १९९ साली आर्डिया गावाचे वकील थेट रोमच्या सिनेटपुढे उभे राहिले. तक्रार काय, तर या वर्षी डोंगरावर आम्हाला रीतीप्रमाणे मांस दिले नाही. हॅनिबलचे युद्ध नुकतेच संपलेले, मॅसिडोनियाशी नवे सुरू झालेले, आणि सिनेट मटणाच्या वाट्याची तक्रार ऐकते आहे! निर्णय असा की उत्सव पुन्हा पहिल्यापासून करायचा. नऊ वर्षांनी लॉरेन्टमच्या लोकांना वाटा मिळाला नाही, तेव्हाही तेच. इ.स.पू. २१७ साली फ्लॅमिनियस नावाचा कॉन्सल हा उत्सव न करताच लढाईला निघून गेला आणि त्रासिमेन तळ्याकाठी सैन्यासह मारला गेला. लोकांनी बोट कशाकडे दाखवले असेल ते सांगायला नको.

खानदेशातल्या वाचकाला हे सगळे ओळखीचे वाटले असेल. कानबाईचे रोट! ज्यांच्याकडे कानबाई नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचे विसर्जन. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे आणि त्याचे रोट करायचे. हे रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, कुळाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. आमच्या घरी तर ते ताट पाहुण्याच्या पानाशेजारीसुद्धा ठेवत नाहीत. कुळात कोण आहे आणि कोण नाही हे तलाठ्याच्या उताऱ्यावरून कळत असेल-नसेल, रोटावरून नक्की कळते.

तीन वर्षांपूर्वी आमच्यात आर्डियाचे प्रकरण झाले. गावी कानबाई बसवायचे उशिरा ठरले, आणि सुरतेला निरोप शनिवारी रात्री गेला. नानांना लूमवरून सुट्टी मिळेना. ते आले नाहीत. पण त्यांना खुपले ते वेगळेच. गहू मोजताना त्यांच्या घरच्या मुठी धरल्याच नव्हत्या, 'ते कुठे येणार आहेत' म्हणून. ही बातमी आठ दिवसांत सुरतेला पोचली. नानांनी मोठ्या बाबांना फोन केला. आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, "आम्ही कुळातून निघालो का? तसे असेल तर सांगा." मोठे बाबा पंच्याऐंशी वर्षांचे, सिनेटची त्यांना माहिती नाही, पण दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः गहू मोजले, सुरतेची नावे आधी घेतली आणि रोट डब्यात भरून पॅसेंजरने पाठवले. यंदा कानबाई सुरतेतच बसवायची असे त्यांनीच सांगितले. दिंडोलीत खालच्या मजल्यावर ओडिया कुटुंब, वर उत्तर प्रदेशातले, आणि मधल्या दोन खोल्यांत आमची कानबाई. वहिनींनी मुठी मोजल्या तेव्हा गावाकडची नावे आधी घेतली.

मी जे रंगवून सांगतो आहे त्याला दुसरीही बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. वाटा म्हटला की कोणाला तरी तो नसतो. खालच्या मजल्यावरची ओडिया मुलगी दारात उभी राहून रोटांकडे पाहत होती. तिला खीर दिली, भाजी दिली, रोट दिला नाही. घरच्या मुलींच्याही मुठी धरत नाहीत. पुतणीने हे विचारलेच, आणि वहिनी म्हणाल्या, "तुझ्या सासरी धरतील." सासरीही नवऱ्याचीच मूठ धरतात, हे पोरीला ठाऊक होते. ती काही बोलली नाही. लॅटिन लोकांच्या कथेत उचलून आणलेल्या सॅबाइन बायकांनी पुढे दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे राहून लढाई थांबवली, असे आहे. त्यांना मांसाचा वाटा मिळत होता का, ते लिहायचे कोणाला सुचलेले दिसत नाही.

सरकारही मूळ विचारते, पण त्याची रीत वेगळी. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातली निझर, उच्छल भागातली गावे गुजरातकडे गेली. नवापूर स्टेशनचा फलाट तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे आहे. तिथे राहणारी माणसे तीच राहिली, भिल्ल, गावित, कोकणी, त्यांची लग्ने अजूनही रेषेच्या दोन्ही बाजूंना होतात. पण कागद बदलले. माझा एक भिल्ल विद्यार्थी अक्कलकुव्याकडून सुरतेला कामाला गेला. त्याच्या मुलाच्या प्रवेशासाठी एका कचेरीत दाखला मागायला गेला, तर त्याला मूळ गावी जायला सांगितले. एका राज्यातली अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात राहायला गेली तर तिथल्या सवलती तिला आपोआप मिळत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल आहे. भिल्ल दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत, पण माणूस एकाच राज्याचा असावा लागतो. नियमामागची कारणे समजू शकतात, तिथल्या आदिवासींचा वाटा कमी होऊ नये ही त्यातली खरी काळजी आहे. तरी तापीच्या खोऱ्यात ज्यांची वस्ती सर्वांत जुनी मानली जाते, त्यांनाच नदीच्या मुखाशी उभे करून 'मूळ कुठले' विचारले जाते, हे मला वर्गात शिकवायला जड जाते.

एक गमतीची गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर लेख जडच होईल. पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात भडोचच्या आखाताच्या तोंडाशी, एका धोकादायक खडकाळ उथळीसमोर, 'कम्मोनी' नावाचे गाव सांगितले आहे. सुरतेजवळचे तापीकाठचे कामरेज ते हेच, असे बरेच अभ्यासक मानतात. या शतकाच्या सुरुवातीला तिथे उत्खनन झाले तेव्हा पश्चिम आशियातून आलेल्या मोठ्या रांजणांची खापरे मिळाली. याच ग्रंथात भडोच बंदरात कशाला मागणी आहे त्याची यादी आहे आणि तिच्यात पहिलाच माल दारू, त्यातही पसंती इटलीच्या दारूला. वासरांच्या देशातली दारू तापी-नर्मदेच्या मुखाशी उतरत होती, आणि पैठणचा माल वीस दिवसांच्या वाटेने बैलगाड्यांतून भडोचला येत होता. आज गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे पुतण्याला शोधनिबंधासाठी हा विषय सुचवावा की नाही याचा विचार करतो आहे.

आणखी एक साम्य सांगायचे राहिले. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खणती केली. तिथे जोर्वे काळातल्या लोकांनी आपली लहान मुले घरातल्या जमिनीखालीच पुरली होती, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवून. दफनाचे कुंभ जळगाव जिल्ह्यात गिरणेकाठी टेकवाड्यालाही मिळाले. आणि जुन्या लॅटिन वस्त्यांतही मोठ्यांना गावाबाहेर, पण तान्ह्या लेकरांना झोपडीजवळ, मातीच्या भांड्यात पुरलेले सापडते. इनामगाव आणि आल्बन डोंगर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असेही नाही. तान्हे लेकरू घरापासून लांब ठेवायला आई तयार झाली नाही, एवढेच दोन्हीकडे झाले असावे. याला मूळ शोधत बसू नये.

आल्बन डोंगरावरच्या उत्सवात पुढेपुढे एक विचित्र गोष्ट होऊ लागली. गावे ओस पडली, काही रोमने जिंकली, काहींचे लोक दुसरीकडे गेले. प्लिनीने लिहिले आहे की जुन्या लॅटियममधले ५३ लोकसमूह मागमूस न ठेवता नाहीसे झाले. खुद्द आल्बा हे गाव रोमने फार आधी पाडून टाकले होते. पण डोंगरावरचा उत्सव त्यानंतर शतकानुशतके चालूच राहिला, आणि जी गावे जमिनीवर नव्हती त्यांची नावे यादीत होती.

नानांच्या समोरच्या गल्लीत एक आजीबाई राहतात. त्यांचे गाव तापीकाठी होते. उकाई धरण १९७२ साली पुरे झाले आणि त्याच्या पाण्यात ते गेले. जमिनीच्या बदल्यात मिळाले ते पुरले नाही, म्हणून घरची माणसे सुरतेला आली, कोणी वापीला गेले, एक दीर कुठे गेला ते आजतागायत कळलेले नाही. त्यांच्याकडेही कानबाई असते. मी गेलो तेव्हा आजीबाई सुपात गहू घेऊन बसल्या होत्या आणि नावे घेत होत्या. प्रत्येक नावाला एक मूठ आणि वर चिमूट. वापीची तीन नावे झाली, सुरतेची पाच झाली. मग त्यांनी त्या दिराचे नाव घेतले. सून म्हणाली, "आत्याबाई, ते असतील का आता?" आजीबाईंनी तिच्याकडे न बघता मूठ भरली, सुपात टाकली आणि वरची चिमूटही टाकली.